परदेशातली फोनची पिन: तुमचे अनुभव लिहा

कपाट आवरताना अडॅप्टरांची जुनी पिशवी सापडली. वायफायच्या आधी परदेशात लॅपटॉप नेलेल्यांकडे अशी पिशवी असणारच. तेव्हा इंटरनेटसाठी मोडेम (लॅपटॉपला फोनच्या लाइनशी जोडणारं यंत्र) भिंतीवरच्या फोनच्या सॉकेटला लावावा लागे, आणि देशोदेशीची पिन वेगळी. तुमचे अनुभव लिहा, मी सुरुवात करतो.

म्युनिक, 1999. भिंतीवरच्या टीएई सॉकेटला (जर्मनीतलं फोनचं सॉकेट) तीन खाचा. माझ्या मोडेमची पिन बाजूच्या खाचेत बसे, मधल्या खाचेत जाईना. घरमालकीणबाईंनी समजावलं, मधली ‘एफ’ फोनची, कडेच्या ‘एन’ मोडेम-फॅक्सच्या. मोडेमने लाइन घेतली की फोन आपोआप सुटतो. इतका नीट विचार केलेलं सॉकेट मी दुसरीकडे पाहिलं नाही.

•

मी लंडनहून आईसाठी फोन आणला होता. अडॅप्टर लावून दादरच्या घरी जोडला, डायल टोन आला, बोलणंही झालं. परत गेल्यावर मात्र दर रविवारी इकडे रिंग ऐकू यायची आणि आई उचलायची नाही. तिला वाटत होतं, मुलगा फोनच करत नाही. दीड महिन्याने शेजारच्या काकांकडून कळलं की तो फोन वाजतच नाही! ब्रिटिश पद्धतीत रिंगसाठी तिसरी वायर असते आणि तिला लागणारा 1.8 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर फोनमध्ये नाही, घरातल्या मुख्य सॉकेटमध्ये असतो. आपल्याकडे दोनच वायरी. लॅमिंग्टन रोडवर एकाने कपॅसिटर बसवून दिला, तेव्हा वाजला. तो दीड महिना अजून मनातून जात नाही.

•

माझं नुकसान पिन बरोबर बसल्यामुळे झालं. हॉटेलच्या खोलीत आपल्यासारखंच आरजे-11 सॉकेट होतं, बिनधास्त मोडेम कार्ड जोडलं आणि ते जळालं. आतलं एक्स्चेंज डिजिटल होतं, त्या लाइनवरचा करंट साध्या मोडेमला झेपत नाही. नंतर प्रत्येक हॉटेलात आधी फॅक्सची लाइन मागायचो. ती साधी ॲनालॉग असायची.

•

शिकागोत घेतलेला मोडेम नागपुरात ‘नो डायल टोन’ म्हणायचा, टोन कानाला स्वच्छ ऐकू येत असूनही. तिकडचा टोन 350 आणि 440 हर्ट्झचा, आपला 400चा आणि थरथरता. एटीएक्स3 ही कमांड दिली, की तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवायचा.

•

लंडनवाल्या दादांना जोडून सांगते. तिथल्या मोडेम केबली दोन प्रकारच्या मिळायच्या. काहींत लाइन मधल्या दोन वायरींवर, काहींत कडेच्या. दिसायला अगदी सारख्या. आमची केबल कडेची निघाली, मोडेमला हवी होती मधली. दुकानदाराने बदलून दिली.