कम्युनिटी टँकसाठी शेवाळ खाणारा मासा कोणता निवडावा?

निवळी (प्रश्न)

नमस्कार. माझा कम्युनिटी टँक, म्हणजे निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र ठेवलेली काचेची टाकी, ८० सेंटीमीटर लांब, ३५ सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर उंच असून वाळू, दगड आणि ओंडका वजा जाता त्यात सुमारे ९५ लिटर पाणी मावते. टँक सुरू करून चार महिने झाले आहेत. त्यात १० निऑन टेट्रा, ६ कोरीडोरास आणि पर्ल गुरामीची एक जोडी असे मासे आहेत. तापमान २५ अंश सेल्सिअस असते, अमोनिया आणि नायट्राइट (माशांना विषारी पदार्थ) शून्यावर आहेत.

गेल्या दीड महिन्यापासून शेवाळ वाढू लागले आहे. समोरच्या काचेवर गोल हिरवे ठिपके पडतात आणि ते स्पंजने घासले तरी निघत नाहीत. अनुबियास या पाणवनस्पतीच्या जुन्या पानांच्या कडांना काळपट, दाढीच्या केसांसारखे झुबके आले आहेत. ओंडक्यावर आणि मागच्या काचेवर तपकिरी थर बसतो, तो मात्र बोट फिरवताच निघून येतो. दिवा रोज दहा-अकरा तास चालू असतो, खाणे दोन वेळा घालते आणि पंधरवड्यातून एकदा एक पंचमांश पाणी बदलते.

विक्रेत्याने मला दोन मासे दाखवले. एक पाच सेंटीमीटरचा करडा ‘सकर’ आणि दुसरा सोनेरी रंगाचा ‘चायनीज अल्गी ईटर’. यांपैकी कोणताही एक आणला की टँक आपोआप स्वच्छ राहील, वेगळे खाणे घालावे लागणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. गुरामी शांत स्वभावाच्या आहेत, त्यांना त्रास होऊ नये एवढीच माझी काळजी आहे. कोणता मासा घ्यावा, आणि किती?

ओंडका (प्रतिसाद)

तुम्ही वर्णन इतके नेमके केले आहे की उत्तर देणे सोपे झाले. तुमच्या टँकमध्ये एक नव्हे, तीन वेगवेगळी शेवाळे आहेत, आणि तिन्ही खाणारा एकही मासा नाही. म्हणून मासा ठरवण्याआधी शेवाळ ओळखणे आवश्यक आहे.

काचेवरचे घट्ट ठिपके हे ‘ग्रीन स्पॉट’ शेवाळ. ते इतके कडक असते की बहुतेक माशांचे तोंड त्यापुढे हतबल ठरते. त्यासाठी जुने प्लास्टिक कार्ड किंवा पाते हाच खरा उपाय. पानांच्या कडांवरचे काळे झुबके ‘ब्लॅक ब्रश’ म्हणून ओळखले जातात. दिसायला काळे असले तरी ते लाल शेवाळांच्या गटातले आहे. अनुबियास हळू वाढते, तिची पाने महिनोन्‌महिने तशीच राहतात, त्यामुळे अशा पानांवर ते हमखास ठाण मांडते. सर्वाधिक बाधित पाने देठापासून कापून टाका, वनस्पतीला त्याचा त्रास होत नाही. तपकिरी थर हा डायटमचा, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळाचा. नव्या टँकमध्ये तो बहुतेकांना भेटतो आणि पुष्कळदा आपणहून ओसरतो. मासे खरोखर आवडीने खातात ते हेच.

आता तुम्हाला दाखवलेल्या ‘सकर’विषयी. पाच सेंटीमीटरचे ते पिल्लू म्हणजे बहुधा साधा प्लेको, म्हणजे तोंडाने चिकटून राहणारा कॅटफिश, जो पूर्ण वाढल्यावर ३० सेंटीमीटरहून मोठा होतो. तुमचा टँक ३५ सेंटीमीटर रुंद आहे. त्या माशाला त्यात सरळ वळताही येणार नाही. शिवाय तो जेवढे शेवाळ खातो त्याहून कितीतरी अधिक विष्ठा करतो आणि तीच विष्ठा पुढच्या शेवाळाचे खत होते. मोठा झालेला प्लेको कोणी घेत नाही म्हणून लोक तो नदीत किंवा तलावात सोडतात आणि मग तो तिथल्या मूळच्या माशांच्या मुळावर येतो. अनेक देशांतल्या जलाशयांमध्ये तो अशाच रीतीने पसरला आहे. कृपया ती वेळच येऊ देऊ नका.

प्लेकोच हवा असेल तर ब्रिसलनोज, म्हणजे अ‍ॅन्सिस्ट्रस, घ्या. तो १२ ते १५ सेंटीमीटरवर थांबतो. नराच्या तोंडावर मांसल मिशा येतात, त्यावरून तो ओळखता येतो. तुमच्या टँकमध्ये एकच ठेवा, कारण दोन नर एका गुहेवरून भांडतात. ओंडका तुमच्याकडे आहेच, त्याला तो खरवडत राहायला लागतो. मात्र एखादे वेळी रुंद पानेही खरवडतो, हे आधीच सांगून ठेवतो.

हिरवीकाच (प्रतिसाद)

चायनीज अल्गी ईटर घेऊ नका. हे मी अनुभवातून सांगते आहे.

माझ्याकडे असाच एक सोनेरी मासा होता. पहिले सात-आठ महिने तो काच आणि पाने इतकी मन लावून साफ करत असे की मी सर्वांना त्याची शिफारस करत होते. पुढे तो १२ सेंटीमीटरचा झाला, माशांच्या खाद्याची चव त्याला लागली आणि शेवाळाकडे त्याने पाठ फिरवली. त्यानंतर माझ्या गुरामींच्या अंगावर फिकट, खवले गेलेले चट्टे दिसू लागले. मी ते बुरशीचे समजून औषधे घालत राहिले. एका रात्री टॉर्च लावून पाहिले तेव्हा तो एका गुरामीच्या कुशीला तोंडाने चिकटलेला दिसला. चपट्या अंगाचे, संथ पोहणारे मासे त्याच्या सहज तावडीत सापडतात आणि तो त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर ओरबाडतो. हा थर गेला की जखमेत संसर्ग होतो. ती गुरामी वाचली नाही, आणि ही गोष्ट मला आजही लागून राहिली आहे, कारण रात्री एकदा पाहिले असते तर पंधरा दिवस आधीच कारण कळले असते.

नावात ‘चायनीज’ असले तरी हा मासा मुख्यतः आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांच्या खोऱ्यांतला आहे. त्याच्या कल्ल्यांना वरच्या बाजूस पाणी आत घेण्यासाठी वेगळे छिद्र असते, त्यामुळे श्वासासाठी तोंड मोकळे ठेवण्याची त्याला गरज पडत नाही आणि वाहत्या पाण्यात खडकाला तो तासन्‌तास चिकटून राहू शकतो. शरीररचना विलक्षण आहे, पण ती खडकांसाठी आहे. पूर्ण वाढ झाल्यावर तो २५ सेंटीमीटरपर्यंत जातो, हाही मुद्दा आहेच.

काळ्या झुबक्यांसाठी तुम्हाला कोणीतरी ‘सायामीज अल्गी ईटर’ सुचवील. नाव जवळपास सारखे असले तरी हा वेगळा मासा आहे, आणि ब्लॅक ब्रश खाणाऱ्या थोड्या माशांपैकी तो एक आहे. खरा सायामीज ओळखायचा तर अंगावरचा काळा पट्टा पाहावा: तो शेपटीच्या बुडाशी न थांबता थेट शेपटीच्या टोकापर्यंत गेलेला असतो, त्याच्या कडा किंचित दातेरी असतात आणि पर (पोहण्याचे पंख) रंगहीन असतात. काळ्या पट्ट्याच्या वर ठळक सोनेरी रेघ असेल आणि परांवर काळे-पांढरे रंग असतील तर तो ‘फ्लाइंग फॉक्स’, जो मोठा झाल्यावर हद्दीवरून भांडतो. तरीही तुमच्या टँकसाठी मी खऱ्या सायामीजचीही शिफारस करणार नाही. तो १५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, चपळ आहे, सोबत्यांसह राहणे पसंत करतो आणि ८० सेंटीमीटरची लांबी त्याला अपुरी पडते.

शांतजल (प्रतिसाद)

वरच्या दोघांशी मी सहमत आहे, पण अ‍ॅन्सिस्ट्रसऐवजी ऑटोसिंक्लसचा (थोडक्यात ‘ऑटो’) विचार करावा असे मला वाटते. निऑन आणि कोरीडोरासच्या टँकला इतका साजेसा दुसरा शेवाळखाऊ मासा मी पाहिलेला नाही. जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचा, कोणाच्या वाटेला न जाणारा, आणि पानाला ओरखडाही न काढता त्यावरचा तपकिरी थर उचलणारा. मात्र तो नाजूक आहे आणि घाईने आणला तर हमखास दगावतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विक्रीला येणारे बहुतेक ऑटो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधून पकडलेले असतात. पकडल्यापासून दुकानाच्या काचेमागे येईपर्यंत त्यांना दिवसेंदिवस पोटभर खायला मिळालेले नसते. हा मासा थोडेथोडे पण सतत खाणारा आहे, त्यामुळे उपासमार झालेला ऑटो वरून ठीक दिसत असला तरी आतून खचलेला असतो. विकत घेताना तो काचेला चिकटलेला असेल तेव्हा खालून त्याचे पोट पाहा. पोट गोलसर आणि भरलेले हवे. ते आत ओढले गेले असेल तर कितीही दया आली तरी घेऊ नका. दुकानात येऊन आठ-दहा दिवस झालेल्या माशांपैकीच निवडा, कारण जे जगणार नसतात त्यांतले बरेच तोवर गेलेले असतात.

मी पहिल्यांदा सहा ऑटो आणले तेव्हा तीन आठवड्यांत पाच मेले. पाण्याच्या चाचण्या उत्तम होत्या, आजार कोणताही नव्हता. चूक अशी झाली होती की पाहुणे येणार म्हणून मी आदल्या दिवशी टँक लख्ख घासून काढला होता. म्हणजे त्यांचे सगळे अन्न मीच धुऊन टाकले होते. पुढच्या वेळी मागची काच महिनाभर पुसलीच नाही. ओंडक्यावर, दगडांवर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर साचू दिला आणि मगच मासे आणले. त्या खेपेचे सहाही जगले.

तुमचा टँक चार महिन्यांचा आहे आणि तपकिरी थर भरपूर आहे, ही त्यांच्यासाठी अनुकूल स्थिती आहे. सहाचा गट घ्या, एकटादुकटा ऑटो लपून राहतो आणि खात नाही. पण तो थर सहा तोंडांना किती पुरणार? दोन-तीन आठवड्यांत संपेल. ‘वेगळे खाणे लागत नाही’ हे विक्रेत्याचे म्हणणे म्हणूनच धोक्याचे आहे. झुकिनी किंवा काकडीची चकती उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, थंड करून, वजन लावून संध्याकाळी तळाशी ठेवा आणि सकाळी काढून टाका. पहिले काही दिवस ते तिच्याकडे पाहणारही नाहीत. तरी ठेवत राहा.

अ‍ॅन्सिस्ट्रस आणि ऑटो दोन्ही एकदम आणू नका. दोघांचे अन्न जवळजवळ एकच आहे, आणि त्या चढाओढीत उपाशी राहतो तो ऑटो.

निवळी

सर्वांचे मनापासून आभार. चायनीज अल्गी ईटर आज सकाळीच आणणार होते, ते थांबवले. मी ऑटोंचा मार्ग निवडते. पण ठिपके आणि काळे झुबके ऑटो खाणार नाहीत असे दिसते. त्यासाठी गोगलगाय किंवा श्रिंप (लहान कोळंबी) उपयोगी पडतील का? गुरामी त्यांना खातील का?

ओंडका

ऑटोंविषयी शांतजल यांनी लिहिले आहे ते मला पटले. तुमच्या माशांचा आकार पाहता ती निवड माझ्या सूचनेपेक्षा बरी आहे.

ठिपक्यांसाठी निराइट गोगलगाय. हे कडक ठिपके खरवडू शकणारे जीव मोजकेच आहेत, त्यांत ही अग्रणी आहे. दोन पुरेत. ती अंडी घालते, ओंडक्यावर तिळासारखे पांढरे दाणे चिकटलेले दिसतील, परंतु तिच्या अळ्यांना खारट पाणी लागत असल्यामुळे गोड्या पाण्यात संख्या वाढत नाही. पाणी फार मृदू असेल तर कवच झिजते, तेव्हा कठीणपणा तपासा. टँकला झाकण असू द्या, नाहीतर ती बाहेर पडते. उलटी पडलेली दिसली तर हाताने सरळ करा, कारण ते तिला नेहमी जमतेच असे नाही.

श्रिंप घ्यायचे तर अमानो जातीचे, तेही चार सेंटीमीटरच्या आसपास वाढलेले. केसांसारखे मऊ हिरवे शेवाळ ते चांगले खातात, काळे झुबके मात्र कोवळे असतील तरच. पर्ल गुरामी मोठ्या अमानोंना सहसा त्रास देत नाही. लहान चेरी श्रिंपची पिल्ले तिच्या तोंडी नक्की लागतील. गोगलगाय असो वा श्रिंप, तांबे असलेले औषध टँकमध्ये कधीही घालू नका, ते या जीवांना विषासारखे आहे.

पण खरे काम दिव्याचे आहे. दहा-अकरा तास फार होतात. टायमर लावून सात तासांवर आणा, पाणी दर आठवड्याला ३० टक्के बदला आणि खाणे एकाच वेळी, दोन मिनिटांत संपेल एवढेच घाला. हे आधी तीन आठवडे करून पाहा. कदाचित श्रिंपची गरजही उरणार नाही.

शांतजल

त्या तीन आठवड्यांत समोरची काच खुशाल घासा, पण मागच्या काचेला आणि ओंडक्याला हात लावू नका. ऑटो आणाल त्या दिवशी दिवा बंद ठेवा. पिशवीतल्या पाण्यात तुमच्या टँकचे पाणी बारीक नळीने थेंबथेंब मिसळत तासभर जाऊ द्या, मग मासे जाळीने उचलून सोडा आणि पिशवीतले पाणी फेकून द्या. शक्य असेल तर आधी दोन-तीन आठवडे त्यांना वेगळ्या लहान टाकीत ठेवणे उत्तम, परंतु त्या टाकीतही शेवाळ धरलेले दगड असतील तरच. नुसत्या स्वच्छ काचेच्या टाकीत ते उपाशी मरतील. तसे दगड आजच एखाद्या पाण्याच्या भांड्यात घालून खिडकीपाशी उन्हात ठेवले तर मासे येईपर्यंत ते हिरवे झालेले असतील.