मेटाट्रेडर ५: डीएलएलची परवानगी मागणारा इंडिकेटर चालवावा का?

विंडोज ११ होमवर मेटाट्रेडर ५ (फॉरेक्स वगैरे ट्रेडिंगचं सॉफ्टवेअर) टाकलंय, फक्त डेमोसाठी, म्हणजे खोट्या पैशांवर सराव. ट्रेडिंग क्लासवाल्यांची टेलिग्रामवरची झिप घेतली नाही (म्हणे आधी विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद करा!), मूळ साइटवरून उतरवलं, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही ते बनवणाऱ्या मेटाकोट्स कंपनीचीच दिसते.

अडलंय ते पुढे. क्लासवाल्यांचा इंडिकेटर (चार्टवर आकडेमोड दाखवणारा छोटा प्रोग्राम) लावताना 'अलाऊ डीएलएल इम्पोर्ट्स'वर, म्हणजे मेटाट्रेडरबाहेरच्या डीएलएल फाइलींमधला कोड चालवायच्या परवानगीवर, टिक मागतो. फाइल ईएक्स५ (कंपाइल केलेली) आहे, एमक्यू५ सोर्स (मूळ कोड) द्यायला ते तयार नाहीत, म्हणजे आत काय आहे ते वाचता येत नाही. व्हायरस स्कॅन स्वच्छ आलं, पण त्यावर किती विसंबायचं?

नेटबँकिंग याच लॅपटॉपवर आहे. होममध्ये विंडोज सँडबॉक्स (संशयास्पद प्रोग्राम वेगळा ठेवून चालवायची सोय) मिळत नाही. रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्ट (परवानगी नसलेल्या फॉरेक्स प्लॅटफॉर्मची यादी) पाहिली आहे, खरे पैसे घालणार नाही, तेव्हा ब्रोकर सुचवू नका.

अ‍ॅडमिन नसलेल्या वेगळ्या विंडोज खात्यात हा चालवला तर पुरे, की व्हर्च्युअल मशीनच (लॅपटॉपच्या आत चालणारा वेगळा आभासी संगणक) लागेल?