ब्रेकचं काम केल्यापासून पेडल हळूहळू खाली बसतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी चांदूर बाजार तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. गाडी आठशे सीसीची पेट्रोल, २०१३ ची, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. ९४ हजार किलोमीटर झालेत.

ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढायची. मागच्या आठवड्यात मिस्त्रीनं उघडून पाहिलं तर पुढच्या डाव्या कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन जाम. तो साफ करून नवं सील टाकलं, पुढचे पॅड आणि मागचे लायनरही बदलले. लाइन उघडलीच होती म्हणून ब्रेक ऑइल नवं भरलं, डॉट ३. आता गाडी सरळ थांबते, ते काम चांगलं झालं.

पण पेडल. इंजिन चालू ठेवून पाय हलका ठेवला की ते खाली जात राहतं, काळ्या मातीच्या चिखलात पाय रुतत जावा तसं. वीसेक सेकंदांत तळाच्या मॅटला टेकतं. दोनदा पंप केलं की वर येतं आणि पुन्हा बसायला लागतं. गंमत वाटेल, पण जोरात लाथ मारल्यासारखा ब्रेक मारला तर धरून ठेवतं. इंजिन बंद असतानाही बसतं, फक्त सावकाश.

ऑइलच्या डबीवर पट्टी लावून पेनानं खूण केली होती. तीन दिवसांत पातळी केसभरही उतरली नाही. चारही चाकांखाली रात्रभर पेपर अंथरून ठेवले, सकाळी सगळे कोरडे. मिस्त्रीनं दोनदा हवा काढून दिली. त्याचा पोरगा आत बसून दणादण पेडल मारत होता, पार तळापर्यंत, आणि हा चाकाजवळ हवा काढायचं निप्पल सोडत होता. दुसऱ्या वेळी बुडबुडा आलाच नाही, तरी पेडल तसंच. तो म्हणतो, "भाऊ, नवे लायनर हायेत, चालवा दोन दिवस, बसतीन आपोआप."

मला हे पटत नाही. बायको चिखलदऱ्याच्या शाळेवर आहे, सोमवारी तिला वर सोडायचं आणि शनिवारी आणायचं हे माझं काम. परतवाडा सोडल्यावरचा तो घाट तुम्हाला माहीत असेल. तिथं उतरताना हे पेडल पायाखाली बसलं तर, हा विचार करूनच हातपाय गार पडतात. गाडी अंगणात उभी केली आहे आणि ती बिचारी एसटीनं जाते आहे, सोबत चार वर्षांची लेक.

हवा राहिली असेल की मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोरानं तेल चाकांकडे ढकलणारा) गेला? घरी तपासता येईल असं काही आहे का? आणि आतल्या रबरांची किट टाकावी की अख्खा सिलिंडर? मिस्त्री माणूस भला आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. भांडायचं नाही, पण पुरावा घेऊन जायचं आहे.

प्रतिसाद १

दादा, गाडी बाहेर काढली नाही हे फार चांगलं केलं. अजिबात काढू नका. मी अकोल्यात बरीच वर्षं गॅरेज चालवतो, त्यातून सांगतो.

हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. लाइनमध्ये हवा असली की पेडल स्पंजासारखं लागतं, पण कुठंतरी येऊन थांबतं. तुमचं थांबतच नाही, म्हणजे तेल निसटतंय. बाहेर गळत नाही, डबीतली पातळी तीच आहे, तर ते मास्टर सिलिंडरच्या आत रबराच्या वायसरच्या कडेनं मागं येतंय. हळू दाबल्यावर बसणं आणि जोरात मारल्यावर धरणं हे त्याचंच लक्षण. जोराच्या दाबानं वायसरची कड सिलिंडरच्या भिंतीला चिकटते, हलक्या दाबानं चिकटत नाही.

आता कामानंतरच काहून झालं? रोजच्या चालवण्यात मास्टरचा पिस्टन वरच्या थोड्या भागातच मागंपुढं होतो. पुढच्या भागाला वर्षानुवर्षं कोणी शिवत नाही, तिथं गंज आणि गाळ बसतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत मारलं की वायसर त्या खरखरीत भागावर घासतात आणि कड फाटते. सुरुवातीला माझ्या हातूनही असे दोन मास्टर गेले आहेत. तेव्हापासून जुन्या गाडीची हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो.

तपासायचं असं. इंजिन बंद करा, पाच-सहा वेळा पेडल मारून सर्व्होतला (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपवा, मग हलक्या पायानं एक मिनिट दाबून ठेवा. बसत गेलं तर दोष तेलाच्या बाजूला. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केल्यावर पेडल जरासं खाली जातं, तो सर्व्होचा झोका आहे, त्याला दोष समजू नका. नंतर डबीचं झाकण काढा, एकानं हलकं दाबून ठेवावं आणि दुसऱ्यानं बॅटरीच्या उजेडात आत बघावं. दाब धरलेला असताना तळातून तेल वर ढवळून येत असेल तर प्रश्नच मिटला. डोळे लांब ठेवा, आणि तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग निघतो.

मास्टर सर्व्होला जिथं बसतो तिथं खालून बोट फिरवा. ओलं लागलं तर मागच्या सीलमधून तेल सर्व्होत जातंय. तुमची पातळी उतरत नाही म्हणून मला तसं वाटत नाही, पण बघून घ्या. मिस्त्रीकडे शेवटची खात्री करायची तर मास्टरचे पाइप सोडून त्याची तोंडं बुचानं बंद करायला सांगा. तरी पेडल बसलं तर दुसरीकडं शोधायची गरज नाही.

किट टाकू नका. भिंत खरवडलेली असेल तर नवे वायसरही तसेच कापले जातील.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत. दोन गोष्टी माझ्याकडून. हँडब्रेक पूर्ण ओढून पेडल दाबून बघा. एरवीपेक्षा वरच धरलं तर मागचे लायनर ड्रमपासून लांब राहिलेत, त्यांची सेटिंग करावी लागेल. आणि कॅलिपर काढला होता म्हणून विचारते, निप्पल वरच्या अंगालाच आहे ना? डावा-उजवा बदलला की निप्पल खाली येतं आणि कितीही हवा काढा, वरची हवा आतच राहते.

तेल मात्र सीलबंद बाटलीतलंच घ्या. ते हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ३ चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश, ओल धरल्यावर १४० पर्यंत उतरतो. घाटात चाकं तापली की अशा तेलाची वाफ होते आणि पेडल एकदम रिकामं जातं. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी धाकट्या भावाला आत बसवलं आणि मी बॅटरी घेऊन डबीत पाहिलं. त्यानं पाय ठेवला आणि तळाच्या बारीक भोकातून तेल वर फुगून येत होतं, पावसात डबक्याच्या तळातून पाझर फुटावा तसं. पाय काढला की थांबायचं. चारदा करून पाहिलं, चारही वेळा तेच. सर्व्होकडची बाजू कोरडी. निप्पल दोन्हीकडे वरच. हँडब्रेक ओढल्यावर पेडल दोन बोटं वर धरलं, म्हणजे मागची सेटिंगही ढिली होती.

मिस्त्रीला अंगणात बोलावून तेच दाखवलं. तो बराच वेळ डबीत पाहत राहिला, मग म्हणाला, "हे माया ध्यानातच नाही आलं." जुना मास्टर त्यानं माझ्यासमोर उघडला. पुढच्या वायसरच्या कडेला नखाएवढी चीर होती, आणि भिंतीवर तपकिरी डागांची पट्टी बरोबर तिथंच, जिथं बोट एरवी गुळगुळीत फिरत होतं तिथून पुढं.

नवा मास्टर परतवाड्याहून आणला. बसवण्याआधी व्हाइसमध्ये धरून हवा काढली. चाकांची हवा मेडिकलमधून आणलेली सलाइनची नळी निप्पलला लावून बाटलीत काढली, पेडलखाली बाभळीचा ठोकळा. मजुरी त्यानं घेतली नाही, मीच मुलाच्या हातात दिली.

आता एक मिनिट दाबून धरलं तरी पेडल तळापासून चार बोटं वर आहे, हलत नाही. गावात आणि पांदणीवर चालवून पाहिली. एक गोष्ट मात्र राहिली: हवा काढताना मागच्या दोन्ही हौज पाइपांवर बारीक चिरा दिसल्या. त्या फुगतात का हे कसं ओळखायचं, की सरळ बदलूनच टाकू? ते होईपर्यंत शनिवारीही एसटीच.