मॉर्फिनच्या जोडीला भांगेचं तेल: द्यावं का?

कोथरूडकर:
मावशीला (वय ७१, हाडांत पसरलेला कॅन्सर) मॉर्फिनच्या गोळ्या सुरू आहेत. दुखणं आवाक्यात आहे, पण गुंगी आणि बद्धकोष्ठतेने बेजार झालीये. ओळखीच्या वैद्यांनी विजयेचं, म्हणजे भांगेच्या पानांचं तेल सुचवलंय. त्याने मॉर्फिन कमी करता येईल म्हणतात. माझा कल देऊन पाहण्याकडे आहे.

शंकासुर:
गुंगीवर उतारा म्हणून भांग? वा! उंदरांवरच्या प्रयोगांत टीएचसीसोबत (भांग-गांजातलं नशा आणणारं द्रव्य) मॉर्फिन साडेतीन पट कमी पुरलं, हे खरं. पण माणसांत येऊन घोडं अडलं. नॅबिक्सिमॉल्स नावाचा तोंडात मारायचा स्प्रे आहे, टीएचसी आणि सीबीडी (त्याच झाडातलं नशा न आणणारं द्रव्य) दोन्ही असलेला. मॉर्फिनसारख्या अफूवर्गीय औषधांनी न भागणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटवर त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. मुख्य निकषावर तो खोट्या औषधाच्या पुढे गेला नाही.

पेठी_बाणा:
सोयीचं तेवढंच सांगू नका. २०११ चा अमेरिकेतला अभ्यास बघा: मॉर्फिन किंवा ऑक्सिकोडोन (तशाच जातीचं वेदनाशामक) घेणाऱ्यांना गांजाची वाफ दिली, वेदना सरासरी २७ टक्क्यांनी उतरली आणि रक्तातलं अफूवर्गीय औषध वाढलं नाही. शिवाय श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागात गांजाचे रिसेप्टर (तो जिथे चिकटून परिणाम करतो त्या जागा) फार कमी, त्यामुळे मॉर्फिनसारखा श्वास मंदावत नाही.

शंकासुर:
२१ माणसं, पाच दिवस, तुलनेला दुसरा गटच नाही! आणि श्वास राहू द्या, रात्री बाथरूमला उठताना तोल गेला तर? हाडं आधीच पोखरलेली आहेत.

पेठी_बाणा:
मग काय, नुसतं सोसायचं? तुमच्या घरी पेशंट नाही, म्हणून पुरावे मागणं सोपं जातं.

शंकासुर:
होता. वडील. म्हणूनच लिहितोय.

वारजे_माळवाडी:
भांडण नंतर करा. कोथरूडकर, मॉर्फिनसोबत रोजचं रेचक चालू आहे का? गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र आपणहून जात नाही. गुंगी टिकून असेल तर किडनीची तपासणी करा. किडनी मंद असली की मॉर्फिनचे अंश साठतात. इथलं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (दुखणं-त्रास हलका करणारी सेवा) सेंटर मोफत आहे, तिथे जाऊन या. तेलाचंही तिथल्या डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

कोथरूडकर:
रेचकाचं आम्हाला कुणी बोललंच नव्हतं. उद्या वारज्याला जातोय. तेलाची बाटली कपाटात आहे. मावशी म्हणते, होळीपर्यंत ठेव.