'सेरेलेम'ला मराठीत काय म्हणावं?

सांजवात : आमच्या चित्रपट मंडळात 'सेरेलेम' हा १९७१चा हंगेरियन सिनेमा दाखवतोय. दिग्दर्शक कारोय माक्क, मूळ कथा तिबोर देरी यांच्या. पत्रिकेसाठी मराठी नाव हवंय. 'प्रेम' म्हटलं की झाडाभोवती फिरणारं जोडपं डोळ्यांपुढे येतं, आणि इथे तर बहुतेक वेळ सासू-सूनच आहेत. काळ पन्नाशीच्या दशकातला, गाव बुडापेस्ट. मुलगा यानोश राजकीय कैदी. सून लुत्सा अंथरुणाला खिळलेल्या सासूला सांगते, की तो अमेरिकेत मोठा सिनेमा काढतोय. आणि त्याच्या नावाने पत्रं स्वतःच लिहिते. 'माया' कसं वाटतं?

बोरूबहाद्दर : थांबा. हंगेरियनमध्ये यासाठी दोन नामं आहेत. 'सेरेलेम' स्त्री-पुरुषांमधलं, 'सेरेतेत' आई-लेकरांचं, भावंडांचं, देवाचंसुद्धा. क्रियापद मात्र एकच, त्यामुळे 'सेरेतलेक' (माझं तुझ्यावर प्रेम आहे) आईलाही म्हणतात नि बायकोलाही. माक्कने (खरं तर देरींनीच, त्यांच्या एका कथेचं नाव तेच आहे) पहिलं नाम निवडलंय. 'माया' म्हणालात की ते दुसरं झालं.

सांजवात : मग 'प्रीती'?

बोरूबहाद्दर : नको हो. पेटी-तबला ऐकू येतो.

उंबरठा : व्याकरणाने 'माया' चुकत असेल, पण तिचा दुसरा अर्थ बघा ना. लुत्साची पत्रं म्हणजे शब्दशः माया, नसलेलं असल्यासारखं दाखवणारी. आणि शिंपी कपड्याच्या आत शिवणीला जास्तीचं कापड ठेवतो, त्यालाही आपण मायाच म्हणतो. पुढे उसवून कपडा वाढवता यावा म्हणून. ही सून दर पत्रात तेच करते, म्हातारीचे दिवस थोडे वाढावेत म्हणून. देरी स्वतः हंगेरीतल्या १९५६च्या उठावानंतर तुरुंगात होते, हे ध्यानात ठेवून ती पत्रं ऐकावीत. मला तर सिनेमातली खरी कलावंत लुत्साच वाटते. मारी त्योरोचिकने ती केलीयही तशीच, चेहऱ्यावर फारसं काही न आणता.

बोरूबहाद्दर : शिंप्याची माया आवडली. पण पत्रिका वाचणाऱ्याला ती कोण समजावणार? त्याला 'माया' म्हणजे एक तर वेदान्त, नाही तर कुणीतरी जमवलेली.

पाटीपेन्सिल : पत्रांचाच सिनेमा आहे, तर पत्रातलाच शब्द घ्या. 'लोभ.' जुन्या कागदांत शेवटी 'लोभ असो दीजे हे विनंति' असायचं. आमची आजी पोस्टकार्डावर जागा संपली तरी कडेला आडवं 'लोभ असावा' लिहायचीच. हा लोभ सासू, नवरा, मित्र, सगळ्यांना चालतो. शिवाय हावरेपणाची छटा आहे, तीही खोटी नाही. म्हातारीला अजून एक पत्र हवंच असतं.

बोरूबहाद्दर : नुसतं 'लोभ' छापलंत तर षड्रिपूंवरचं कीर्तन समजून लोक येतील. 'लोभ असावा' करा. यानोश सुटून घरी येतो तेव्हा आई गेलेली असते. ते 'असावा' मग वेगळंच ऐकू येईल.

सांजवात : ठरलं. 'लोभ असावा' छापायला दिलंय.

सांजवात : प्रूफ आलं. छापखान्याने पुढे 'ही विनंती' आपणहून जोडलंय.