छायाचित्रकाराला नम्र राहणं परवडतं का?

तिपाई
या धंद्यात नव्याने आलेली मुलं हल्ली सर्रास म्हणतात, आपला ढोल आपणच बडवला नाही तर काम मिळत नाही, नम्र माणूस मागे पडतो. माझं मत नेमकं उलट आहे. चार वर्षं गाजायचं असेल तर ढोल पुरेल. तीस-चाळीस वर्षं काम करायचं असेल तर नम्रतेवाचून चालत नाही, कारण समोरचा माणूस तुम्हाला किती जवळ येऊ देतो यावरच सगळं असतं.

वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला बघा. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या आणि १९७० पर्यंत काम केलं. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवरून दिल्लीभर हिंडायच्या. त्यांचा नेहरूंचा एक फोटो आहे. नेहरूंच्या स्वतःच्या ओठांत सिगारेट आहे आणि ते पुढे झुकून ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देताहेत. दोघांचं लक्ष त्या ज्योतीवर, कॅमेऱ्याचं कोणालाच भान नाही. धक्काबुक्की करून पुढे घुसणाऱ्याला असा फोटो मिळत नाही. आणि समारंभांत नव्या छायाचित्रकारांचं वागणं बिघडत चाललंय असं दिसल्यावर या बाईंनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा.

सावली
तिपाई, उदाहरण तुमचं, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. होमाईंचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापून आले. ती काही त्यांची नम्रता नव्हती. बाईचं नाव तेव्हा चालत नव्हतं, एवढंच. १९७० नंतर त्या दिल्ली सोडून गेल्या आणि पुढची कित्येक वर्षं लोक त्यांना जवळजवळ विसरले. पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी. पुढच्या जानेवारीत त्या वारल्या. फाळणीला मान्यता देणारी बैठक जिने टिपली, तिची दखल घ्यायला देशाला इतका वेळ लागला आणि आपण तिच्या साधेपणाचे गोडवे गातोय.

नाइलाजाला गुण म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं. बायकांना या क्षेत्रात आजही "किती शांत, किती साधी" हे कौतुक मिळतं आणि असाइनमेंट दुसऱ्याला मिळते.

निगेटिव्ह
सावलींशी शंभर टक्के सहमत. मी लग्नं करतो, अधूनमधून मासिकांची कामंही. नम्रतेचं कौतुक सगळ्यात जास्त कोण करतं? ज्यांना पैसे द्यायचे नसतात ते. "दादा, तुम्ही एवढे सिनियर, तुम्हाला काय नावाची हौस!" असं म्हणून फोटो छापतात, खाली नाव नाही. मानधन विचारलं तर "पुढच्या वेळी बघू".

नव्या मुलांनी नम्रतेआधी कायदा वाचावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा असतो. पण कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी त्या कामाचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगले हात गप्प बसले आणि संपले. तीस वर्षं टिकायची भाषा करता, मग दर आणि नाव या दोन गोष्टींवर अडून बसल्याशिवाय कोण टिकलंय ते सांगा.

तिपाई
निगेटिव्ह, कायद्याबद्दल बरोबर बोलताय. नाव मागा, बिल वेळेवर लावा, यात उद्धटपणा कुठे आला? मी बोलतोय ते फोटो काढतानाच्या वागण्याबद्दल.

परवाच्या एका लग्नात मंगलाष्टका सुरू झाल्या तेव्हा अंतरपाटाभोवती फोटो-व्हिडिओवाल्यांचं कडं झालं. एक स्टुलावर उभा, एक गुरुजींच्या खांद्यावरून वाकलेला, एक लाइट धरून वरमाईच्या अगदी पुढ्यात. नवरीची आजी पहिल्या रांगेत खुर्चीवर. तिला समोर दिसत होत्या पाठी. अक्षता तिने त्या पाठींवरच टाकल्या. अल्बम झकास होईल, मला शंका नाही. पण त्या घरातलं पुढचं लग्न याच माणसाला मिळेल का? आणि मिळालं तरी त्या आजीचा चेहरा त्याच्या कॅमेऱ्यात आला का? तो त्या दिवसाचा सगळ्यात मोलाचा फोटो होता.

सह्यवाट
पक्ष्यांच्या बाजूने थोडं लिहितो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावात हिवाळ्यात शनिवार-रविवारी लेन्सांची जत्रा असते. रोहित (फ्लेमिंगो) कुठे उतरलेत, कैकर हा मासे पकडणारा शिकारी पक्षी कुठल्या खुंटावर येऊन बसतो, वारा कुठून आहे, थवा न उडवता नाव कशी न्यायची, हे सगळं नावाडी जाणतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा मासेमार तो. आपण बसतो आणि बटण दाबतो. मग फोटो टाकताना कॅमेरा, लेन्स, शटर, आयएसओ सगळं लिहितो. नावाड्याचं नाव नसतं.

दुसरीकडे "अजून जवळ घे, अजून जवळ" म्हणून त्याच्या मागे लागणारे आहेत. थवा उडाला की उडतानाचे फोटो मिळतात म्हणून मुद्दाम उडवायला लावतात. लांबून आलेला पक्षी तिथे खायला आणि विसावायला उतरलेला असतो, तो दिवसभर उठबस करत राहतो. असल्या माणसाला कितीही बक्षिसं मिळोत, मी त्याला मोठा मानत नाही.

निगेटिव्ह
सह्यवाट, नावाड्याचं नाव लिहायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण तुम्ही दोघं मिळून नम्रतेत सगळेच सद्गुण कोंबताय. पक्ष्याला त्रास न देणं ही शिस्त झाली, आजीला वाट देणं हे सौजन्य झालं. माझा मुद्दा वेगळा आहे. मोठं काम करायला "हा फोटो मीच काढणार" असा हट्ट लागतो आणि त्या हट्टात अहंकार असतोच. आपले छायाचित्रकार रघू राय यांना फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनी १९७७ मध्ये मॅग्नम या छायाचित्रकारांच्या जगप्रसिद्ध संस्थेसाठी सुचवलं, ते काय मागच्या रांगेत उभं राहण्याबद्दल? स्वतःच्या नजरेवर ठाम विश्वास असल्याशिवाय तशी चित्रं होत नाहीत.

तिपाई
रघू राय यांचं नाव काढलंत ते बरं केलंत. डिसेंबर १९८४, भोपाळची वायुदुर्घटना. मातीत पुरलं जाणारं मूल, फक्त चेहरा उघडा, डोळे उघडे, आणि कपाळाशी एक हात. त्या खड्ड्याशी राय होते तसेच पाब्लो बार्थोलोम्यूही होते. एकाचं चित्र कृष्णधवल, दुसऱ्याचं रंगीत. बार्थोलोम्यूंच्या चित्राला वर्ल्ड प्रेस फोटो या जागतिक वृत्तछायाचित्र स्पर्धेचा त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, रायांचं चित्र त्या दुर्घटनेची खूण होऊन बसलं. दोन्ही छायाचित्रकार जगाला माहीत आहेत. ते मूल कोणाचं, हे मात्र आजही कळलेलं नाही.

तुमचा हट्ट मी नाकारत नाही. तिथे पोचायला, उभं राहायला, बटण दाबायला तो हवाच. पण त्या चित्राची ताकद आपल्या नजरेतून आली असं छातीठोकपणे म्हणायची कोणाची हिंमत होईल? मला तरी होणार नाही.

सावली
भोपाळच्या चित्रावर मी वाद घालणार नाही. पण त्या दोघांची नावं चित्राखाली होती, हे विसरू नका. नाव होतं म्हणून जबाबदारीही होती, आणि पुढे त्या विषयाकडे परत जायची वाटही होती. राय भोपाळला पुन्हा गेले, वाचलेल्या लोकांचे फोटो काढले. निनावी माणसाला परत कोण पाठवतं?

आणि ज्येष्ठांच्या नम्रतेचं म्हणाल तर मी एकच गोष्ट बघते: हाताखालच्या मुलांचं काय होतं. सेकंड शूटर, म्हणजे मुख्य छायाचित्रकाराच्या जोडीला फोटो काढणारी, म्हणून मुलगी पहाटेपासून हळदीत उभी असते, तिचे फोटो स्टुडिओच्या पानावर मालकाच्या नावाने जातात, आणि मालक मुलाखतीत पाय जमिनीवर असल्याचं सांगतात. तिपाई, सह्यवाट, तुमच्याबरोबर काम करणाऱ्यांची नावं अल्बमवर, पोस्टवर येतात का? निगेटिव्ह, तुम्हालाही हेच विचारते. कलम ५७ तिलाही लागू आहे.

निगेटिव्ह
प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे अल्बमच्या शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं असतात, लाइट धरणाऱ्यासकट. पोस्टवर नसतात, कारण ग्राहक म्हणतात गर्दी दिसते. त्यावर या सीझनला करारातच ओळ घालतोय. कोणाकडे असा मसुदा मराठीत तयार असेल तर इथे टाका.