बंदी सक्तीवर आहे, सांगण्यावर नाही

‘कॅलिफोर्नियात मुलांचं जेंडर पालकांपासून लपवा असं कायदाच सांगतो’ हे या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय, ते तितकंसं खरं नाही. 2024 चा एबी 1955 हा तिथला राज्याचा कायदा एवढंच म्हणतो, की मुलाने वेगळं नाव किंवा सर्वनाम मागितलं तर ते त्याला न विचारता घरी कळवण्याची सक्ती शाळांनी कर्मचाऱ्यांवर करू नये. (चिनो व्हॅली या तिथल्याच शालेय जिल्ह्याने 2023 मध्ये नेमकी तीच सक्ती केली आणि तिथून हे पेटलं.)

आणि फेर्पाचं नाव कुणीच कसं काढलं नाही? अमेरिकेचा 1974 चा केंद्रीय कायदा आहे. मूल 18 चं होईपर्यंत त्याच्या शालेय नोंदी बघण्याचा हक्क पालकांना आहे, मागितल्या की जास्तीत जास्त 45 दिवसांत दाखवाव्या लागतात. समुपदेशकाने स्वतःपुरती ठेवलेली टिपणं मात्र त्यातून वगळलेली. आमच्या शाळेच्या पोर्टलवर तर ‘पसंतीचं नाव’ हा रकाना पालकांच्या लॉगिनलाही दिसतो, हजेरीच्या अगदी वर. मग बाईंनी तोंड मिटून ठेवून काय उपयोग! माझी तक्रार उलट या रकान्याबद्दल आहे. अशी गोष्ट आईबापांना हजेरी बघताना कळावी? समुपदेशकाने मुलाला सोबत घेऊन घरच्यांशी बोलावं, त्यासाठी शाळेने वेळ आणि माणूस द्यावा.